वाडा मागितला, हवेली आली: एआय-चित्रांतल्या त्याच त्या चुका

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, गणेश मंडळांचे फ्लेक्स, नाश्त्याच्या गाड्यांचे मेनू-बोर्ड, असली कामं. गेली दोन-तीन वर्षं रोज कोणी ना कोणी काउंटरवर मोबाइल ठेवतं आणि म्हणतं, "दादा, एआयकडून करून घेतलंय, तेवढं जरा नीट करून द्या." 'तेवढं' म्हणजे सहा बोटांचा नवरदेव असतो, किंवा 'शुभविवाह'च्या जागी मोडीसारखं दिसणारं पण कुठल्याच लिपीत नसलेलं काहीतरी.

पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच." हे ऐकलं की मला उलट हायसं वाटतं. दर वेळी नवीन चूक येत असेल तर तो यंत्राचा लहरीपणा. पुन्हा बटण दाबायचं, दुसरं काही करता येत नाही. तीच चूक फिरून फिरून येत असेल तर ती आपल्या लिहिण्यातून येते, आणि तिला पकडता येतं. दुकानात ज्या चुका नेहमी येतात त्याच इथे घेतल्या आहेत. कुठलीवर जास्त लिहिलंय, कुठलीवर दोन ओळी, कारण मला छळलंयही त्याच प्रमाणात.

एक आधीच सांगतो. खालचे प्रॉम्प्ट (म्हणजे यंत्राला लिहून द्यायचं वर्णन) वाचायला सोपे जावेत म्हणून मराठीत लिहिलेत. स्टेबल डिफ्यूजन किंवा मिडजर्नी ही चित्रं काढणारी साधनं वापरत असाल तर ते इंग्रजीत करून द्या. चॅटजीपीटी आणि जेमिनीला मराठी समजतं, पण तिथेही एक गंमत आहे, ती पुढे येईल.

वाड्याची हवेली

एका मंडळाचे काका आले होते. मंडळ जुनं, काका त्याहून जुने. त्यांना मंडपाच्या मागचा पडदा हवा होता: जुन्या मराठी वाड्याच्या चौकात बसलेला गणपती. त्यांनी 'मराठी वाडा' लिहिलं आणि आली गुलाबी दगडाची हवेली, झरोके, जाळ्या, वर छत्र्या, खाली एक उंटसुद्धा. मग त्यांनी 'अस्सल मराठी वाडा, राजस्थानी हवेली नको, उंट नको' असं लिहिलं. आता उंट दोन झाले.

काकांचा राग रास्त होता. बडोद्यात राहून आपल्यालाच राजस्थानी ठरवलं जातंय म्हटल्यावर कुणालाही लागेल. पण यंत्राच्या बाजूने बघा. ही यंत्रं शब्द आणि चित्र यांचं नातं इंटरनेटवरच्या फोटोंवरून आणि त्या फोटोंसोबत लोकांनी लिहिलेल्या इंग्रजी मजकुरावरून शिकली. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शब्द वाचायचं काम क्लिप नावाचं मॉडेल करतं. ते ओपनएआयने जानेवारी २०२१ मध्ये आणलं, ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवून. चित्रं काढायचं शिक्षण ज्या लायन-५बी नावाच्या साठ्यातून झालं त्यात ५८५ कोटी जोड्या होत्या, त्यातल्या सुमारे २३० कोटी इंग्रजी, आणि शिकवताना भर त्या इंग्रजी भागावरच होता. आता सांगा, त्यात 'वाडा' असं लिहून वाड्याचा फोटो टाकणारे किती असतील? जुनी, भारतीय, अंगण असलेली भव्य इमारत म्हटल्यावर पर्यटकांनी ढिगाने टाकलेले फोटो जयपूर-जोधपूरचे. यंत्राने 'वाडा' हा शब्द ऐकलाच नाही म्हणा, किंवा पुसटसा ऐकला, आणि मग 'जुनं', 'भारतीय' याला जे सगळ्यात जवळचं सापडलं ते दिलं.

म्हणून पहिला उपाय, आणि बाकीचे बरेचसे उपाय याच्याच पोटातले आहेत: नाव सांगायचं नाही, डोळ्याला काय दिसतं ते सांगायचं.

काकांना घेऊन मी रावपुऱ्यात तांबेकर वाड्यात गेलो. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा, आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. दुकानापासून चालत जाण्यासारखा, आणि तरी काका तिथे चाळीस वर्षांत गेले नव्हते. मी त्यांना म्हटलं, 'वाडा' हा शब्द न वापरता फोनवर एखाद्या परदेशी माणसाला हे सगळं सांगा. सुरुवातीला ते "भारी आहे, जुनं आहे" एवढ्यावरच अडले. मग हळूहळू बोलायला लागले: लाकूड काळपट, खांबाच्या डोक्यावर कोरीव हस्त (वरच्या तुळईला आधार देणारे), उजेड एकाच बाजूने येतो आणि जमिनीपर्यंत पोचेपर्यंत मऊ होतो. त्यात त्यांच्या आजोळच्या सांगलीच्या वाड्यातलं तुळशीवृंदावन, कौलं आणि चौकातली फरशी मिसळली. मी मोबाइलवर टिपून घेत होतो. शेवटी प्रॉम्प्ट झाला तो असा:

'मधोमध उघडा, दगडी फरसबंदीचा चौक. चारी बाजूंना दुमजली इमारत. गडद तपकिरी सागवानी खांब, प्रत्येक खांबाखाली चौकोनी दगडी तळखडा, खांबांच्या मध्ये लाकडी महिरपी. भिंती पांढऱ्या चुन्याच्या, साध्या. उतरतं कौलारू छप्पर. चौकाच्या मध्ये दगडी तुळशीवृंदावन. सकाळचं तिरपं ऊन डावीकडून. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.'

पहिल्याच फटक्यात हवेली गेली. कौलं थोडी युरोपियन आली, ती 'लहान, अर्धगोल, काळवंडलेली मातीची कौलं' असं लिहिल्यावर सुधारली. यात 'मराठी' हा शब्द कुठेच नाही आणि 'हवेली नको' असंही नाही. पांढरा चुना आणि गडद सागवान म्हटल्यावर गुलाबी दगडाला जागाच उरली नाही.

'नको' लिहिलं की हमखास येतं

उंट का दुणावले याचं हे उत्तर. प्रॉम्प्टमध्ये 'उंट नको' लिहिलं की क्लिपसारख्या मॉडेलच्या कानात ठळकपणे शिरतो तो 'उंट'. 'नको' त्याच्यासाठी अगदी दुबळा शब्द आहे, कारण फोटोखाली 'या चित्रात उंट नाही' असं कोण लिहितं? घरी पाहुण्यांसमोर मुलाला "त्या काकांच्या टकलाबद्दल बोलायचं नाही हं" असं बजावून बघा, म्हणजे कळेल.

नको असलेल्या गोष्टींसाठी स्टेबल डिफ्यूजनमध्ये वेगळी पेटी असते, निगेटिव्ह प्रॉम्प्टची. तिथे 'नको' न लिहिता नुसतं 'उंट' लिहायचं. चित्र तयार होताना प्रत्येक पायरीवर यंत्र त्या शब्दापासून लांब सरकतं. मिडजर्नीत प्रॉम्प्टच्या शेवटी दोन आडव्या रेघा आणि इंग्रजीत 'नो' लिहून पुढे वस्तूचं नाव द्यायचं. चॅटजीपीटी-जेमिनीसारखी नवी साधनं 'शिवाय', 'वगळून' हे आता बऱ्यापैकी समजतात. तरी माझी सवय एकच: 'मागे माणसं नकोत' याऐवजी 'मागे रिकामी पांढरी भिंत'. रिकामी जागा कशाने भरायची ते आपणच सांगितलं तर ती भरायची वेळ यंत्रावर येत नाही.

गणपतीचे हात

ही चूक माझी स्वतःची आहे आणि मला तीन दिवस कळली नव्हती.

काकांच्या चौकात आता गणपती बसवायचा होता. 'चार हातांचा गणपती' लिहिलं. येतात दोन. पुन्हा केलं, दोन. कधी तीन, तिसरा खांद्यातून अर्धवट फुटलेला. वैतागून मी 'चार हात' तीनदा लिहून पाहिलं. फरक शून्य. शेवटी माझ्या भाच्याने स्क्रीनकडे बघून विचारलं, "मामा, ही खालची यादी कसली?"

खालची यादी म्हणजे निगेटिव्ह प्रॉम्प्ट. इंटरनेटवर फिरणारी एक लांबलचक यादी असते, 'विद्रूप हात, जास्तीची बोटं, जास्तीचे हातपाय, चुकीची शरीररचना' असली. दोन वर्षांपूर्वी कुठून तरी उचलून मी ती कायमची चिकटवून ठेवली होती, आणि लग्नपत्रिकेतल्या नवरा-नवरीसाठी ती चांगली चालतही होती. गणपतीच्या बाबतीत मात्र मी वरच्या पेटीत चार हात मागत होतो आणि खालच्या पेटीत जास्तीचे हात हाकलत होतो. यंत्र बिचारं दोघांच्या मध्ये लटकत तीन देत होतं.

यादी काढून टाकली. चार हात यायला लागले, अर्थात दर वेळी नाही. देवी, दत्त, नटराज, विष्णू, ज्यांना ज्यांना दोनाहून जास्त हात आहेत त्यांच्या बाबतीत कुणाच्याही उसन्या निगेटिव्ह यादीवर आधी नजर टाका. यादी लिहिणाऱ्याच्या डोक्यात आपले देव नव्हते.

पुढची अडचण: चार हात आले, पण कुणाच्या हातात काय हे ठरेना. मोदक अंकुशाच्या टोकावर बसलेला, पाशाची जपमाळ झालेली. मोजणी आणि 'कोणाचं काय' या दोन गोष्टींत ही यंत्रं अजूनही कच्ची आहेत. 'मागच्या उजव्या हातात अंकुश, मागच्या डाव्या हातात पाश, पुढचा उजवा हात आशीर्वादाचा, पुढच्या डाव्या हातात मोदक' असं सविस्तर लिहिलं तर नवी साधनं बऱ्याचदा जमवतात. जुनी नाही.

म्हणून मी आता सरळ सांगतो: मूर्ती यंत्राकडून काढून घेऊ नका. मंडळाची शाडूची मूर्ती असतेच, तिचा दिवसाच्या उजेडात समोरून फोटो काढा, पार्श्वभूमी कापा, आणि मागचा वाडा तेवढा यंत्राकडून घ्या. मूर्तिकाराने महिनाभर बसून सोंडेचं वळण काढलंय, ते सोडून यंत्राचं वळण कशाला घ्यायचं? काही मंडळांना हे पटत नाही. त्यांना "एआयचं" हवं असतं, कारण शेजारच्या मंडळाने "एआयचं" केलंय. 'चालशे' (गुजरातीत 'चालेल'), म्हणतो आणि करून देतो.

फ्लेक्सवर दोन गणपती

दहा बाय चारचा फ्लेक्स म्हणून सुरुवातीपासूनच तेवढं रुंद चित्र मागितलं की डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन गणपती बसतात. उभी स्टँडी मागितली तर माणसाच्या धडावर आणखी एक धड. कारण सरळ आहे: जुनं स्टेबल डिफ्यूजन ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या चौकोनांवर शिकलेलं, त्याचीच २०२३ ची आवृत्ती एसडीएक्सएल १०२४ च्या आसपास. त्याला रुंद पट्टा दिला की त्याच्या लेखी ते शेजारी शेजारी ठेवलेले दोन चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात मुख्य पात्र हवंच. उपाय: मधलं चित्र चौकोनातच काढा आणि नंतर आउटपेंटिंगने (कडेच्या बाहेर आणखी चित्र काढून घेऊन) बाजू वाढवा. वाढवताना प्रॉम्प्टमधून गणपती काढून टाका, फक्त भिंत, खांब आणि फरशी ठेवा. नाहीतर तिसरा येतो.

सेव-उसळीची नूडल्स

हे माझं आवडतं प्रकरण. सेव-उसळ विकणाऱ्या एका भाऊंना नवा बोर्ड हवा होता. त्यांनी लेकीकडून एआयवर चित्र करून आणलं होतं. वाफाळता वाडगा, लालभडक रस्सा, वर पिवळ्या तारा. बघताक्षणी मी म्हटलं, "भाऊ, हे जपानी आहे." ते म्हणाले, "मला पण तेच वाटतं, पण लेक म्हणते छान दिसतंय."

छान दिसतच होतं. यंत्राने हिशोब बरोबर लावला होता: वाडगा, लाल पातळ रस्सा, वाफ, वर पिवळं बारीक लांब काहीतरी. या वर्णनाचे जगात सगळ्यात जास्त फोटो रामेनचे. 'सेव' हा शब्द त्याला नीट माहीत नाही, 'उसळ' तर नाहीच, मग त्याने ओळखीचं ते वाढलं.

सुधारताना दोन गोष्टींनी काम केलं. पहिली, सेव कोरडी आहे हे सांगणं. नूडल्स ओल्या, लांब, चकचकीत, वाकलेल्या. सेव कोरडी, तुटकी, खरखरीत, जाड, बेसनाची. 'तळलेल्या बेसनाच्या कोरड्या, जाड, तुटक्या काड्यांचा ढीग, वरून कोरडा, खालून तरीत भिजलेला' असं लिहिल्यावर तारा गेल्या. दुसरी, थरांचा क्रम. ताटलीत खालून वर जे येतं त्याच क्रमाने लिहिलं: तळाशी शिजलेले पांढरे वाटाणे, त्यावर पातळ लाल तरी, त्यावर सेव, त्यावर चिरलेली कांद्याची पात, शेजारी स्टीलच्या ताटलीत पाव. वाडगा म्हटलं की चिनी मातीचा येत होता, तो 'स्टीलची खोलगट ताटली' म्हटल्यावर थांबला. भांडं बदललं की देश बदलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी शेवटी बोर्डावर यंत्राचं चित्र लावलं नाही. भाऊंनी गाडीवरचीच एक प्लेट आणली, मी ती दुकानाच्या दारात, उन्हाच्या कडेला ठेवून मोबाइलने फोटो काढला. गिऱ्हाईक जे खाणार तेच दिसावं, एवढी तरी सचोटी बोर्डाला असावी. फोटो झाल्यावर प्लेट आम्हीच संपवली.

नऊवारी

'नऊवारी साडीतली बाई' लिहिलं की सहावारी येते, पदर मराठी असेल नसेल. कधी घागरा. कारण वाड्याचंच, आणि उपायही तोच: नेसण्याची रीत सांगायची. 'साडी धोतरासारखी नेसलेली, निऱ्या दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोवलेल्या, दोन्ही पाय वेगळे दिसतात, घोटे मोकळे, पदर डाव्या खांद्यावर.' यातला 'धोतरासारखी' हा शब्द सगळ्यात कामाचा, कारण धोतराचे फोटो यंत्राने भरपूर पाहिलेत. पाठमोरी किंवा बाजूने उभी मागितली तर काष्टा दिसतो. समोरून मागितली तर कितीही लिहा, यंत्र पुढे निऱ्यांचा पंखाच लावतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनीवर स्वतःचा फोटो टाकून जुन्या सिनेमातल्यासारखी साडी नेसवायची लाट आली होती, तेव्हा दुकानात आठवडाभर त्याच त्या फोटोंच्या प्रिंट काढल्या. एकीचीही साडी नऊवारी नव्हती. मागितली कुणी नव्हती, हेही खरं.

रंग उडी मारतात

'लाल पैठणी, हिरवा चुडा, पिवळी मुंडावळी' लिहिलं आणि पैठणी हिरवी आली. एकाच वाक्यात तीन रंग आणि तीन वस्तू कोंबल्या की कुठला रंग कुणाचा यात घोळ होतो. प्रत्येक वस्तूचं वेगळं छोटं वाक्य करा, रंग वस्तूला चिकटून लिहा. तरीही जमलं नाही तर एक रंग सोडून द्या, चित्र होऊ द्या, आणि मग इनपेंटिंगने फक्त बांगड्यांचा भाग निवडून 'हिरव्या काचेच्या बांगड्या' एवढंच लिहा. मी आता पहिल्यापासूनच असं करतो.

वितळलेले चेहरे

मुंजीच्या आमंत्रणात बटू छान, पण मागे बसलेल्या आज्या-मावश्यांचे चेहरे मेणासारखे. लोक मग 'स्पष्ट चेहरे, अतिशय स्पष्ट चेहरे' लिहीत बसतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण अडचण शब्दांत नाहीच. स्टेबल डिफ्यूजन थेट पिक्सेलवर काम करत नाही. ते चित्र दोन्ही बाजूंनी आठपट लहान करून त्यावर काम करतं आणि शेवटी मोठं करतं. ५१२ चं चित्र आत ६४ चं असतं. मागच्या मावशीचा चेहरा चित्रात ४० पिक्सेलचा असेल तर आत त्याला पाच घरं मिळतात. पाच घरांत डोळे, नाक, नथ, कुंकू कुठून मावणार?

म्हणून माणसं कमी करा, किंवा मागच्यांना पाठमोरी बसवा, किंवा चित्र झाल्यावर एकेक चेहरा निवडून तो भाग मोठ्या आकारात पुन्हा काढून घ्या. मी बहुतेक वेळा मावश्यांना पाठमोरी बसवतो. अंबाडे आणि गजरे फार सुंदर येतात.

विशेषणांची फोडणी

चित्र बिघडलं की लोक विशेषणं वाढवतात. 'अप्रतिम, सर्वोत्कृष्ट, एट-के (8K), मास्टरपीस, पुरस्कारप्राप्त.' भाजी अळणी झाली म्हणून वरून फोडणीवर फोडणी देण्यातला प्रकार. यातला एकही शब्द कॅमेऱ्याला दिसत नाही. शिवाय क्लिपची मर्यादा ७७ टोकनची (टोकन म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे) आहे, त्यातली दोन सुरुवात आणि शेवट यातच जातात. मूळ क्लिपमध्ये त्यापुढचं वाचलंच जात नाही. काही साधनं लांब मजकुराचे तुकडे करून वाचतात, पण सुरुवातीला जे लिहिलं त्याचाच जोर जास्त राहतो. पहिल्या दोन ओळी कौतुकात घालवल्या तर कौलं शेवटी मर्यादेबाहेर पडतात. आणि जुन्या मॉडेलला देवनागरीत लिहू नका यालाही हेच एक कारण: देवनागरीचं एक-एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, त्यामुळे थोड्याच मराठी शब्दांत टोकन संपत येतात, आणि समजत तर काहीच नाही.

मग चित्र 'भारी' कसं करायचं? फाइन आर्ट्समधली एक मुलगी दुकानात प्रिंट काढायला येते. (आमच्या विद्यापीठाची फाइन आर्ट्सची शाखा १९५० सालची, त्यामुळे बडोद्यात फ्लेक्सवाल्यालासुद्धा कुणीतरी चित्रकला शिकवतंच.) ती माझा प्रॉम्प्ट वाचून म्हणाली, "काका, उजेड कुठून येतो ते लिहिलंच नाही तुम्ही." तेव्हापासून उजेडाची एक ओळ असल्याशिवाय मी बटण दाबत नाही: दिशा, वेळ, कडक की मऊ. 'खिडकीतून उजवीकडून येणारा दुपारचा मऊ उजेड, डावी बाजू अंधारात' या एका ओळीने दहा विशेषणांचं काम होतं.

तिनेच आणखी एक सांगितलं. गिऱ्हाईक हमखास म्हणतात, 'राजा रविवर्मा स्टाइल करा'. सयाजीरावांनी रविवर्म्यांकडून काढून घेतलेली चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत, आपण ती पाहिलेली असतात, त्यामुळे आपल्या डोक्यात तैलरंग असतो. यंत्राच्या डोक्यात मात्र रविवर्म्यांच्या छापखान्यापासून सुरू झालेल्या ओलिओग्राफ (तैलचित्रांच्या छापील प्रती) आणि कॅलेंडरांचा ढीग जास्त. मग येतो चकचकीत गोरा चेहरा आणि मागे मोर. 'कॅनव्हासवर तैलरंग, मागे काळोखा तपकिरी पडदा, चेहऱ्यावर एका बाजूने मऊ उजेड, रेशमावर जाडसर रंगाचे फटकारे' असं लिहा. मोर जातो.

चॅटजीपीटीत तुमचा प्रॉम्प्ट तुमचा राहत नाही

वर म्हटलेली गंमत ही. २०२३ मध्ये डॅल-ई ३ चॅटजीपीटीत आलं तेव्हापासून आपण लिहिलेलं वाक्य थेट चित्राकडे जात नव्हतं. मध्ये भाषेचं मॉडेल बसून ते फुलवून, इंग्रजीत नव्याने लिहून पुढे पाठवत होतं. त्यामुळे मराठी चालतं, पण मधला कारकून आपल्या मनाने 'सोनेरी संध्याकाळ' किंवा 'आनंदी गर्दी' घालतो. चूक पुन्हापुन्हा येत असेल तर त्यालाच विचारा: "चित्रासाठी नेमकं काय लिहिलंस ते दाखव." दाखवलं तर उंट कुठून आला ते तिथेच सापडतं. नाही दाखवलं तर 'मी दिलेलं वर्णन जसंच्या तसं वापर, काही वाढवू नकोस' एवढं लिहिल्यानेही बराच फरक पडतो.

एका वेळी एकच

ही माझी कामाची पद्धत. चित्र जवळपास जमलं की त्याचा सीड क्रमांक (यंत्र ज्या आकड्यावरून चित्राची सुरुवात करतं तो) लिहून ठेवायचा आणि तो कायम करायचा. तेच मॉडेल, तीच मापं, तोच सीड, तोच प्रॉम्प्ट आणि बाकीची सेटिंगही तीच असेल तर चित्र तेच येतं. आता एकच शब्द बदलायचा आणि काय हललं ते बघायचं. सीड न बांधता शब्द बदलत राहिलं तर सुधारणा शब्दाने झाली की नशिबाने, हे कळायला मार्ग नाही. आणि सगळेच रंग भाजल्यासारखे, कडा कोरल्यासारख्या दिसत असतील तर प्रॉम्प्टला हात लावायच्या आधी सीएफजी स्केल (यंत्र प्रॉम्प्टला किती घट्ट धरून राहतं त्याचा आकडा) बघा. तो ७ च्या आसपास बरा; कुणीतरी "जास्त म्हणजे चांगलं" म्हणून १५-२० वर नेऊन ठेवलेला असतो. माझ्या दुकानात ते कुणीतरी म्हणजे भाचा.

अक्षरं

अक्षरं यंत्राकडून लिहून घेऊ नका. नवी साधनं देवनागरी पूर्वीपेक्षा बरी काढतात, आणि म्हणूनच ती जास्त धोक्याची आहेत. पूर्वी कचरा यायचा, लगेच कळायचं. आता 'निमंत्रण' अगदी नीट येतं आणि खाली 'आशीर्वाद'चा रफार भलत्याच अक्षरावर बसलेला असतो. एका मुंजीच्या पत्रिकेत हे माझ्या नजरेतून सुटलं, दोनशे प्रती छापून झाल्या, आणि पहिली चूक काढली ती बटूच्या पणजीने, चष्म्याशिवाय. प्रती मी माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या. तेव्हापासून प्रॉम्प्टमध्ये 'वरचा एक तृतीयांश भाग साधा, एकरंगी, रिकामा' असं लिहितो आणि मजकूर कोरलड्रॉमध्ये युनिकोड फॉन्टने बसवतो.

छापायच्या आधी

यंत्राचं १०२४ पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) साडेतीन इंचही भरत नाही. पाच बाय सातच्या पत्रिकेला १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात, म्हणजे आधी अपस्केल (चित्र मोठं) करावंच लागतं. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला एवढी बारीक छपाई लागत नाही. स्क्रीनवरचा भगवा आणि पोपटी कागदावर थोडा उतरणारच, त्याला प्रॉम्प्ट काही करू शकत नाही. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सोबत सीड क्रमांक आणि प्रॉम्प्टही पाठवा. गणपतीच्या आदल्या रात्री अकरा वाजता पाठवलंत तरी पाठवा, त्या दिवसांत दुकान उघडंच असतं.